वादळ गटातून जाऊ द्यावे

अमेरिकेच्या ओक्लाहोमा, कान्सस, टेक्सास या सपाट राज्यांत मे महिन्यात वादळाच्या पाठलागावर निघालेला गट दिवसातला सर्वाधिक वेळ कशात घालवतो, तर वाट पाहण्यात. सकाळी हवेत सोडलेल्या फुग्यांनी वरून पाठवलेली तापमानाची, आर्द्रतेची आणि वाऱ्याची आकडेवारी पाहायची, संगणकीय प्रारूपांचे नकाशे एकमेकांशी ताडून बघायचे, आणि दुपारी वादळ जन्मेल असा एक तुकडा नकाशावर निश्चित करून दोन-तीनशे किलोमीटर गाडी हाकत तिथे जाऊन थांबायचे. एक जण गाडी चालवतो आणि फक्त रस्त्याकडे बघतो, दुसरा वाटा आणि पळवाटा शोधतो, तिसरा आभाळ वाचतो, चौथा रडारची चित्रे पाहतो. चित्रपटांत दिसणारी धावपळ झालीच तर संध्याकाळचे तास-दीड तास होते. डेव्हिड होडली या तरुणाने 1956 मध्ये नॉर्थ डकोटात हा नाद सुरू केला, तेव्हा हाताशी फार काही साधने नव्हती. त्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती 24 मे 1973 रोजी. ओक्लाहोमातील युनियन सिटी या गावावर आलेला चक्रीवात नॉर्मनच्या राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेच्या गटाने जन्मापासून विरण्यापर्यंत चित्रित केला, आणि त्याच वेळी प्रयोगशाळेचे डॉप्लर रडार त्या ढगावर रोखलेले होते. पुढे दोन्ही नोंदी मिनिटामिनिटाने शेजारी ठेवल्यावर कळले की चक्रीवात जमिनीवर उतरण्याआधीच रडारवर त्याची खूण उमटलेली होती. आज तिथे लोकांना मिळणाऱ्या पूर्वसूचनेचा एक आधार म्हणजे ही खूण. रस्त्यावर माणसे नसती, तर रडारवरच्या त्या ठिपक्याचा अर्थ लावणे कितीतरी अवघड गेले असते.

पाठलागाचे हे खरे फळ मनात ठेवून दादरा-नगर हवेलीकडे यावे. सिल्वासाहून नरोलीकडे जाताना दमणगंगेच्या काठी अथाल लागते. पश्चिमेला दमणचा समुद्र हवाई अंतराने पंचवीसेक किलोमीटरवर. पूर्वेला खानवेल-दुधनीचे डोंगर, त्यांच्यामागे महाराष्ट्रातले जव्हार, मोखाडा, पेठ, त्र्यंबकेश्वर, आणि साठ-सत्तर किलोमीटरवर सह्याद्रीचा माथा, जिथून दमणगंगा निघते. समुद्र आणि घाट यांच्यामधल्या या पट्ट्यात वादळाचा अभ्यास कसा करावा, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की इथे गटाने गाडीत बसून वादळामागे जाणे निरर्थक आहे. गटानेच वादळाच्या वाटेवर पांगून बसावे आणि वादळ आपल्यामधून जाऊ द्यावे. अमेरिकेतल्या रीतीची नक्कल करायची, तर तिच्यातल्या वेगाची करण्यात अर्थ नाही. करायची ती सकाळच्या अंदाजाची, दुपारच्या थांबण्याची आणि घड्याळाशी बांधलेल्या नोंदीची.

असे का म्हणायचे, ते दोन्हीकडच्या वादळांच्या आयुष्यावरून दिसते. अमेरिकेच्या मैदानांत ज्याचा पाठलाग होतो ते वादळ विशेष जातीचे असते. जमिनीलगतचा वारा आणि पाच-सहा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या दिशेत आणि वेगात तिथे मोठा फरक असतो. त्यामुळे ढगातला वर चढणारा प्रवाह कलतो, फिरू लागतो, आणि त्याच्यातून पडणारा पाऊस त्याच्याच मुळावर कोसळत नाही. असा ढग तीन-चार तास, कधी त्याहून अधिक जगतो. एवढ्या वेळात त्याला गाठता येते, आणि चौकटीसारखे आखलेले सरळ रस्ते त्या कामी येतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे वरचा वारा सहसा एवढा जोरकस नसतो. ढग सरळ उभा वाढतो आणि त्याच्या पोटातला पाऊस खाली पडताना वर येणाऱ्या उबदार हवेचा गळाच दाबतो. अशा ढगाचे आयुष्य प्रथम नीट मोजले गेले ते 1946 आणि 1947 मध्ये फ्लॉरिडात आणि ओहायोत. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमाने वेगवेगळ्या उंचीवरून थेट ढगांत घालून ती मोजणी झाली. तिचा निष्कर्ष असा की एक सुटा गडगडाटी ढग वाढतो, भरतो आणि विरतो तो साधारण अर्ध्या ते एका तासात. सिल्वासाहून खानवेलमार्गे डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्याने त्याच्याकडे निघालेली गाडी पोहोचेपर्यंत ढगाची राखरांगोळी झालेली असते. हाती लागतो तो ओला रस्ता.

पण एक ढग विरला म्हणजे वादळ संपले असे नाही, आणि अथालच्या दृष्टीने मोलाची गोष्ट इथेच आहे. परतीच्या पावसाचे दिवस घ्या. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर धरली जाते. म्हणजे हस्त नक्षत्राचे हे दिवस. सकाळी आभाळ निरभ्र, उकाडा अंगाला चिकटणारा. दुपारी समुद्रावरची दमट हवा खोऱ्यातून आत शिरते, घाटाचे उतार तापलेले असतात, आणि ती हवा चढणीला लागली की माथ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग फुगू लागतात. वरच्या थरात या दिवसांत वारा पूर्वेचा असतो, म्हणून ढग पश्चिमेला, समुद्राकडे सरकू लागतात. पहिला ढग त्र्यंबक-पेठच्या बाजूला कोसळतो. त्याच्यातून खाली आपटलेली थंड हवा जमिनीवर पसरते आणि पाचरीसारखी पुढच्या दमट हवेखाली घुसते. ती हवा उचलली जाते आणि तिथे दुसरा ढग उभा राहतो. त्याच्यापुढे तिसरा. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने ही मालिका खाली उतरली, तर माथ्यावर तीन वाजता सुरू झालेला गडगडाट अथालला दिवेलागणीच्या सुमारास येऊन ठेपतो. ओसरीवर बसलेल्याला वाटते की डोंगरातले वादळ आले. प्रत्यक्षात डोंगरातला ढग केव्हाच मेलेला असतो आणि आलेली असते त्याची तिसरी-चौथी पिढी. या पिढ्या एकीतून दुसरी कशा निपजतात, कोणत्या दिवशी साखळी खानवेललाच तुटते आणि कोणत्या दिवशी दमणपर्यंत पोहोचते, हे कळायला हवे असेल, तर एका गाडीतली चार माणसे अपुरी पडतात. ती एका वेळी एकाच जागी असतात. दुधनी, खानवेल, अथाल, नरोली, दमण अशा पाच ठिकाणी पाच माणसे असतील, तर एकही चाक न हलवता सगळे वादळ त्यांच्यामधून जाते.

या माणसांनी काय करायचे ते अगदी साधे आहे. दुपारपासून पूर्वेकडे बघायचे. हात ताठ पुढे करून धरलेली मूठ क्षितिजापासून सुमारे 10 अंश उंची झाकते. सत्तर किलोमीटरवरचा चौदा किलोमीटर उंचीचा ढग डोळ्याला क्षितिजावर जवळपास एवढाच दिसतो. माथा दोन मुठींवर गेला, म्हणजे तो पस्तीस किलोमीटरपर्यंत आला किंवा मध्येच नवा उभा राहिला. ढगाचा माथा अजून फुलकोबीसारखा घट्ट आहे की वर जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरला आहे, हे लिहायचे; सपाट झाला म्हणजे त्याची वरची वाढ संपत आली. मग चार वेळा नोंदवायच्या: उष्ण वारा पडून थंडगार झोत कोणत्या मिनिटाला आला, पहिला टपोरा थेंब केव्हा पडला, पाऊस केव्हा ओसरला, आणि शेवटचा गडगडाट कधी ऐकू आला. सरळ उभ्या भिंतीच्या, सपाट बुडाच्या कोणत्याही भांड्यात साठलेले पाणी पट्टीने मोजले तर तो मिलिमीटरमधला पाऊस. गार पडलीच तर तिचा व्यास नाण्याशेजारी ठेवून टिपायचा. या सगळ्यांत मोलाची आहे ती थंड झोताची वेळ. समजा, तो दुधनीला 4 वाजून 50 मिनिटांनी लागला, अथालला 5 वाजून 35 मिनिटांनी आणि दमणला लागलाच नाही. तर त्याचा वेग, दिशा आणि तो कुठे दमला, हे तीन नोंदींतून हाती येते. अशा पंधरा-वीस संध्याकाळी जमल्या की दुधनीच्या नोंदीवरून अथालला किती मिनिटे आधी सांगता येईल, याचा पाया तयार होतो.

रडार आणि उपग्रह असताना हे कशाला, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. रडार काही मिनिटांच्या अंतराने सगळे आभाळ चाळते. माणसाची नजर तेवढी पोहोचत नाही. पण रडारला एक मर्यादा आहे आणि ती यंत्राची नसून पृथ्वीच्या गोलाईची आहे. मुंबईच्या कुलाब्याचे डॉप्लर रडार घेऊ. तिथून सिल्वासा सुमारे दीडशे किलोमीटर. रडारचा सर्वांत खालचा झोत साधारण अर्ध्या अंशाने वर उचललेला असतो आणि पुढे जाताना जमीन त्याच्याखालून वळत जाते. गणित केले तर सिल्वासावर त्या झोताचा मध्य अडीच किलोमीटरहून अधिक उंचीवर येतो, आणि झोत एक अंश रुंद धरला तर तिथे त्याची जाडीही तेवढीच भरते. थंड हवेचा जो झोत नवा ढग जन्माला घालतो, तो बहुधा जमिनीलगतच्या किलोमीटरभर थरात असतो. म्हणजे साखळीतला निर्णायक दुवा या रडारच्या नजरेखालून जातो. जवळच्या रडारने ही त्रुटी कमी होते, पण डोंगराआडची दरी त्यालाही दिसत नाही. आणि गार जमिनीला लागेपर्यंत किती वितळली, भाताची ओंबी आडवी झाली की नाही, हे कोणतेच रडार सांगत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा गारांच्या आकाराची माहिती शेतातून आली, पडद्यावरून नव्हे. उपग्रह तर ढगाचा माथाच बघतो.

पर्जन्यमापकांचे जाळे आहेच की, असेही कोणी म्हणेल. आहे, पण विरळ आहे, आणि अनेक ठिकाणी दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला वाचले जाते. चोवीस तासांच्या बेरजेत चाळीस मिनिटांचे वादळ बुडून जाते. विरळपणा काय करतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको: 26 जुलै 2005 चा पाऊस सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला 73 मिलिमीटर. सांताक्रूझचे केंद्र नसते आणि फक्त कुलाब्याचे असते, तर कागदावर त्या दिवशी मुंबईत बऱ्यापैकी पाऊस झाला एवढेच राहिले असते. गडगडाटी पावसात हा फरक आणखी जवळच्या अंतरात पडतो. एका पाड्यावर नाले भरून वाहतात आणि शेजारच्या पाड्यावर धूळ उडते.

दुसरा आक्षेप निरीक्षकांबद्दल. हौशी माणसे वाढवून सांगतात, वेळा चुकवतात, भीतीने गार लिंबाएवढी सांगतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच त्यांना मत विचारू नये. वेळ आणि माप विचारावे. कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहरात 28 जुलै 1997 रोजी पूर आला आणि पाच जणांचा जीव गेला. त्या शहरातही एका भागात पावसाने कहर केला होता आणि काही किलोमीटरवर तो बेताचा होता. त्यातून धडा घेऊन कोलोरॅडो राज्य विद्यापीठाने पुढच्याच वर्षी नागरिकांचे पर्जन्यमापन जाळे उभे केले. तिथे सर्वांचे मापक एकाच प्रकारचे असते आणि नोंद करण्याची पद्धत एकच असते. आज ते अमेरिकाभर पसरले आहे आणि हवामान खाते त्या नोंदी वापरते. एका नोंदीतली चूक शेजारच्या चार नोंदींमुळे उघडी पडते, हे अशा जाळ्याचे बळ. अथालमध्ये तर अशी माणसे शोधावीही लागणार नाहीत. या भागात कारखाने आहेत, आणि कारखान्याच्या फाटकावर चोवीस तास रखवालदार असतो. त्याच्या पुढ्यात वही असते, डोक्यावर घड्याळ असते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीची वेळ लिहिण्याची त्याला सवय असते. त्या वहीत वाऱ्यासाठी एक रकाना वाढवणे अवघड नाही. शाळेतले शिक्षक, महाविद्यालयातले विद्यार्थी, ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांचीही साथ मिळू शकते. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर सामान्य नागरिकाला आपले निरीक्षण नोंदवण्याची सोय आहे. तिचा वापर नियमितपणे, ठरलेल्या जागांवरून झाला तर तिला वजन येईल.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि त्यापुढे बाकी सगळे दुय्यम. अमेरिकेत पाठलागाचा सर्वांत कडू धडा 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रीनोजवळ मिळाला. टिम समारास हे वर्षानुवर्षे चक्रीवाताच्या वाटेत मापनयंत्रे ठेवणारे, अत्यंत सावध समजले जाणारे संशोधक. 2003 मध्ये साउथ डकोटातील मँचेस्टर येथे त्यांच्या यंत्राने हवेचा दाब 100 मिलिबारने कोसळल्याची नोंद केली होती. एल रीनोचा चक्रीवात बघता बघता 4.2 किलोमीटर रुंद झाला, त्याने दिशा आणि वेग बदलला, आणि समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघेही त्यात गेले. रस्ते त्या संध्याकाळी पाठलाग करणाऱ्यांच्या आणि पळून जाणाऱ्या रहिवाशांच्या गाड्यांनी तुंबले होते. जागेवर थांबणाऱ्या गटाला हा धोका नाही, रस्ताही अडत नाही, हा माझ्या प्रस्तावाचा पहिला फायदा. पण आपल्याकडचा मारेकरी वेगळा आहे: वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात वीज पडून 2,887 माणसे मेली. त्यांत शेतात काम करणारी माणसे मोठ्या संख्येने असतात. परतीचा पाऊस आणि हळव्या भाताची कापणी हे एकाच वेळी येतात. कापून पसरलेले भात भिजू नये म्हणून माणसे नेमकी गडगडाटाच्या वेळी उघड्या खाचरात धावतात आणि जवळच्या ताडाखाली किंवा झाडाखाली उभी राहतात.

म्हणून निरीक्षकाचा पहिला नियम असा हवा की गडगडाट ऐकू आला की निरीक्षण घरातून. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पण वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर बाजूलाही पडू शकते, त्यामुळे अंतर मोठे आले म्हणून निर्धास्त राहायचे नाही. अथालजवळचा दमणगंगेवरचा पूल हे त्याचे नेमके उदाहरण. दुपारी तिथून पूर्वेचे आभाळ मोकळे दिसते, आणि पहिल्या गडगडाटानंतर उभे राहायला त्याच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही: उघडी, उंच, पाण्यावर, लोखंडी कठड्याशेजारी. पक्के घर किंवा काचा लावलेली, धातूच्या छपराची मोटार सुरक्षित. मोटारीत वाचवते ते धातूचे कवच, टायरचे रबर नव्हे. शेतातली पत्र्याची उघडी शेड सुरक्षित नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजांची सूचना देते. ते निरीक्षकाच्या फोनमध्ये असायलाच हवे. या अटी पाळून होणार नसेल, तर हे काम होऊ नये.

राहिला प्रश्न रस्त्याच्या ओढीचा. वादळ अंगावर घेत प्रवास करण्यात जे शिकायला मिळते ते ओसरीवर बसून कसे मिळेल, असे तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या ओढीला मराठीत एक सुंदर उदाहरण आहे. पुण्यातल्या विज्ञानप्रेमी तरुणांनी आणि पत्रकारांनी 2011 मध्ये 'प्रोजेक्ट मेघदूत' सुरू केला आणि केरळपासून मोसमी पावसाच्या मागे प्रवास केला, पाऊस आणि माणसे यांचे नाते समजून घेण्यासाठी. अलेक्झांडर फ्रेटर या लेखकाने 1987 मध्ये असाच प्रवास करून इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. हे प्रवास सार्थ ठरले, कारण मोसमी पाऊस गाठता येतो. केरळात 1 जूनला, मुंबईत सरासरी 11 जूनला आणि 8 जुलैपर्यंत साऱ्या देशावर, अशी त्याची चाल असते. गटाला मुक्काम करायला, लोकांशी बोलायला, पुढे जायला वेळ मिळतो. पाऊण तास जगणाऱ्या ढगाला ही रीत लावता येत नाही. प्रवास करायचाच असेल तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी करावा: दुधनीपासून दमणपर्यंत जाऊन वह्या गोळा कराव्यात, आडवे पडलेले भात, मोडलेल्या फांद्यांची दिशा, उडालेले पत्रे पाहावेत. फांद्या एका बिंदूपासून चहूकडे पडल्या असतील, तर वरून आपटलेला झोत. एका रेषेकडे वळून पडल्या असतील, तर फिरणारा वारा. तो दिवसही रस्त्यावरचाच, आणि गटाचाच.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो उत्साह मारतो: बहुतेक दिवशी काहीच घडणार नाही. डोंगरावर ढग फुगतील आणि विरून जातील, आणि वहीत लिहायला काही उरणार नाही. उलट, त्या दिवशीची 'वारा नाही, पाऊस नाही' ही ओळच अंदाजाची खरी परीक्षा घेते. अमेरिकेत 1884 मध्ये जॉन फिनली यांनी चक्रीवाताचे 2,803 अंदाज केले आणि त्यांतले 96.6 टक्के बरोबर आल्याचा हिशेब निघाला. भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी त्यातली खोच दाखवली. रोज डोळे मिटून 'चक्रीवात येणार नाही' असे म्हटले असते, तर 98.2 टक्के बरोबर आले असते. फिनली यांचे 28 अंदाज साधले होते, 72 वेळा त्यांनी सांगूनही काही आले नव्हते, आणि 23 वेळा न सांगता चक्रीवात आला होता. अंदाज तपासण्याचे शास्त्र या हिशेबातून वाढले, आणि तो मांडता आला कारण न घडलेल्या दिवसांचीही नोंद होती. 'आज मेघगर्जनेसह पावसाची शक्यता' हा इशारा दादरा-नगर हवेलीसाठी किती वेळा खरा ठरतो, किती वेळा शेतकऱ्याने उगाच कापणी थांबवली, आणि किती वेळा इशारा नसताना वीज पडली, हे तीन आकडे ठरवायला कोरड्या संध्याकाळी भरलेला तो रकाना लागतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत, पाचही ठिकाणी, एकही दिवस न गाळता.